वाचकांचे प्रश्न : परदेशातल्या भाचीचा सातबारा आणि ओसीआय

प्रश्न : वडिलांनी 1974 मध्ये निफाड तालुक्यात जमीन खरेदी केली होती. 2019 मध्ये ते वारले, मृत्युपत्र नाही. थोरली बहीण लग्नानंतर इंग्लंडला गेली, तिथली नागरिक झाली आणि 2011 मध्येच वारली. तिची मुलगी जन्मापासून ब्रिटिश आहे. ती ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) काढेपर्यंत वारसनोंद थांबवावी का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : अजिबात थांबवू नका. जमीन वडिलांच्या स्वकष्टाची, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे आधी वारलेल्या मुलीची मुलगी ही पहिल्या वर्गाची वारस ठरते. बहिणीला जेवढा हिस्सा मिळाला असता, तेवढा तिच्या सगळ्या मुलांना मिळून मिळतो. दाजींना त्यात हिस्सा नाही, त्यांचं नाव वारसांत घालू नका. भाचीचं नागरिकत्व आड येत नाही. भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशानं आलेली जमीन परदेशी नागरिकाला ठेवता येते, तशी तरतूद परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या (फेमा) कलम 6(5) मध्ये आहे. शेतजमिनीलाही ती लागू आहे.

अर्ज ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) करा. सोबत मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येक वारसाचा पत्ता जोडा. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये नोंद होते, मग फेरफार पडतो, 15 दिवसांची नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ‘ती परदेशात आहे, नंतर बघू’ म्हणून प्रतिज्ञापत्रातून तिचं नाव गाळणं हा सर्वांत वाईट मार्ग. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं आणि पुढे प्रांताकडे अपील उभं राहतं. शिवाय अपिलाची 60 दिवसांची मुदत परदेशातल्या मुलीच्या लक्षातही येत नाही. तिचा हक्क तुम्हीच सांभाळा.

खरा घोळ नात्याच्या पुराव्यात होतो. इंग्लंडमध्ये जन्माचा दाखला दोन प्रकारचा असतो. छोट्या दाखल्यावर आई-वडिलांची नावंच नसतात, तो इथे काहीच सिद्ध करत नाही. भाचीनं पूर्ण दाखला मागवून त्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल (दाखला अस्सल असल्याची परदेशात चालणारी मोहोर) घ्यावा.

पुढचा अडसर बहिणीच्या नावाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, भाचीच्या दाखल्यावर सासरचं. विवाह नोंदणी असेल तर प्रश्न मिटला, पण त्या काळातली कितीतरी लग्नं नोंदलेलीच नाहीत. अशा वेळी बहिणीचा रद्द झालेला भारतीय पासपोर्ट शोधा. त्यावर वडिलांचं आणि पतीचं नाव असेल, तर दोन्ही घरं एका कागदावर जुळतात. स्पेलिंग वेगळं असेल तर जन्मतारीख आणि जन्मगाव जुळवून दाखवा. मयत व्यक्तीच्या नावात राजपत्रानं बदल करता येत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

हाच पासपोर्ट ओसीआयलाही लागतो. आई, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कोणी 26 जानेवारी 1950 रोजी किंवा त्यानंतर भारताचं नागरिक होतं, एवढं दाखवायचं असतं. मात्र पणजोबांपर्यंत कोणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक असेल, तर अर्ज बाद होतो. अर्ज ऑनलाइन भरून कागद तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या व्यवस्थेकडे द्यायचे.

कार्ड मिळालं की नाशिकमध्ये फ्लॅट घेता येईल, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येणार नाही. भाचीला तिचा हिस्सा तुमच्यासाठी सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागेल. त्यासाठी तिनं तिकडे केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. ही मुदत सर्रास चुकते.

प्रश्न : मॉरिशसचे एक मराठी कुटुंब आमच्याकडे उतरले आहे. पूर्वज मजूर म्हणून गेले होते. रामकुंडावरच्या उपाध्यांच्या वहीतली वंशावळ ओसीआयला चालेल का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : केवळ तिच्यावर विसंबू नये. वही गाव आणि आडनाव शोधायला फार उपयोगी आहे, पण मजूर म्हणून गेलेल्यांचा मुख्य पुरावा मॉरिशसमध्येच आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, वडिलांचं नाव, वय, जात आणि गाव लिहिलेलं असतं. तिथून उतारा घ्यावा आणि खालच्या प्रत्येक पिढीचा जन्म व विवाहाचा दाखला जोडावा. मधली एक पिढी जरी सुटली तरी अर्ज अडतो. ओसीआयची नेहमीची मर्यादा पणजोबांपर्यंतची असली, तरी सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ते देण्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च 2024 मधल्या दौऱ्यात केली होती. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत मोडतोड होऊन आलेलं असेल, तर जुन्या तालुक्यासह वाचा. नुसत्या उच्चारावरून गाव ठरवू नका, एकाच नावाची गावं पुष्कळ आहेत.