गुहागर बीचवरची सुरूची झाडं म्हणजे पाईनच ना? सुया आहेत, शंकू पण आहेत, मग फुलझाड कसं?

नाही हो, सुरू पाईन नाही. दिसतं तसं, पण ते खरंच फुलझाडांतलंच आहे, म्हणजे आंबा-काजूच्या बाजूचं. मी स्वतः कॉलेजला जाईपर्यंत त्याला पाईनच समजायचो त्यामुळे तुम्ही एकटे नाही. आणि नावानेही गोंधळ घातलाय, फारसीत सर्व म्हणजे सायप्रस, तो खराखुरा सूचिपर्णी (पाईनच्याच गटातला, फुलं न येणारा), तेच नाव आपण या झाडाला चिकटवलंय.

एक करा, खाली पडलेली एक हिरवी सुई उचला आणि दोन्ही टोकं धरून हळू ओढा. मध्येच सांध्यातून टक्कन सुटते. लहानपणी आम्ही ती परत तशीच खोचून ठेवायचो आणि समोरच्याने कुठे तुटलीय ते ओळखायचं, सुट्टीत अख्खी दुपार यातच जायची. तर त्या सांध्यापाशी नीट बघा, बारीक दातरं दिसतील, सहा ते आठ, तीच सुरूची पानं. बाकी जिला आपण सुई म्हणतो ती मुळात फांदी आहे. पाईनची सुई मात्र खरोखरच पान असते, हिमाचलला चीड (तिकडचा पाईन) बघितलात तर एकेका झुबक्यात तीन-तीन लांब सुया असतात आणि त्यांना असे सांधे नसतात.

शंकूचं पण तसंच. पाईनमध्ये बी खवल्यावर उघडंच बसलेलं असतं, फळ असा प्रकारच नाही. सुरूला मादी फुलांचे छोटे लालसर गोंडे येतात (वाऱ्यावर परागण, त्यामुळे ना भपका ना वास, कोण बघतंय) आणि त्यांचीच पुढे ती टणक बोंडं होतात जी अनवाणी चालताना पायाला टोचतात.

आणि हे झाड मूळचं आपलं नाहीच, आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं, इंग्रजांच्या काळात इकडे आणलेलं. मुळांवरच्या गाठीत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात म्हणून नुसत्या वाळूतही वाढतं. पण खाली सुयांचा असा थर साचतो की दुसरं काही धड उगवत नाही, आणि २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगरला कितीतरी सुरू आडवे झाले. मला विचाराल तर किनाऱ्यावर उंडी (आपल्याच किनाऱ्यावरचं झाड) बरी.

खरा सूचिपर्णी बघायचाय तर कुठल्यातरी बंगल्याच्या आवारात तो ख्रिसमस ट्री म्हणून लावलेला अरोकेरिया असतो ना, तो बघा. आणि सुरूचं एक हिरवट बोंड घरी आणून पेपरवर ठेवा, वाळलं की चोची उघडतात आणि पंखवाल्या बारीक बिया (खरं तर एकेक बी असलेली फळंच) पेपरभर पडतात, फक्त पंखा बंद ठेवा.