शंभर पानांचा किराणा

भाऊ, शंभर पानांचा, म्हणजे शंभर जेवणाऱ्यांचा, पहिलाच कार्यक्रम आहे म्हणून घाबरू नका, जमते. यादी करण्याआधी आवतन ठरवा: घरटी एक माणूस की चूलबंद? चूलबंद म्हणजे लेकराबाळांसह सारं घर. नवख्यांचा हिशेब बहुतेक इथंच चुकतो.

पोळीचा सयपाक असेल तर शंभर पानांना अंदाजे:
- तांदूळ ८ किलो
- तूरडाळ ४ किलो
- कणीक १० किलो
- वांगी १२ किलो, आलू ३ किलो

रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) असले तर भात बराच कमी लागतो.

भीतीपोटी सगळंच दीडपट आणू नका. जास्तीचे तांदूळ-डाळ घ्या, उरले तर टिकतात, वांगी मोजकीच. आणि सगळा भात एकदम शिजवू नका. पहिली पंगत पाहून दुसरा गंज (मोठं पातेलं) चढवा. यादी आचाऱ्याला दाखवूनच बाजारात जा.