तेलकट त्वचेला कोल्ड क्रीम आणि घरचं तेल चालतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकला शिकायला आहात, चेहरा तेलकट आहे, कपाळावर नि हनुवटीवर पुटकुळ्या येतात. पण थंडी पडली की तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे होतात आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटतात. आई म्हणते कोल्ड क्रीम लाव, नाहीतर खोबरेल लाव. मैत्रीण म्हणते तेलकट तोंडाला तेल लावशील तर आणखी फोड येतील. ऐकायचं कुणाचं?

दोघींचंही अर्धं अर्धं ऐका. कोल्ड क्रीम वापरा, पण लावून ठेवायला नाही, लावून पुसून काढायला. तेल वापरायचं तर खोबरेल चेहऱ्याला नको. करडईचं किंवा सूर्यफुलाचं घ्या, तेही दोन-तीन थेंबच. यामागचं कारण जरा सविस्तर सांगते. ते एकदा समजलं की उद्या बाजारात कुठलीही नवी बाटली आली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी फार्मसी शिकले आहे आणि मेडिकलच्या काउंटरला बसते. दिवाळी सरली की हाच प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. कॉलेजात कोल्ड क्रीम आम्हाला प्रॅक्टिकलला होतं. एका भांड्यात मधमाशीचं मेण आणि लिक्विड पॅराफिन घेऊन वॉटर बाथवर साधारण ७० अंशांपर्यंत तापवायचं. दुसऱ्या भांड्यात पाण्यात थोडा टाकणखार (बोरॅक्स) विरघळवायचा आणि ते पाणीही तितकंच गरम करायचं. मग पाण्याची बारीक धार मेणात सोडत एकाच लयीत ढवळत राहायचं. पिवळसर, पारदर्शक दिसणारं ते मिश्रण बघता बघता दुधासारखं पांढरं होतं आणि निवत जाईल तसं घट्ट होतं. मेणातली आम्लं आणि टाकणखार यांचा जागच्या जागी साबण तयार होतो आणि तोच तेल नि पाणी एकत्र धरून ठेवतो. दोन्ही भांड्यांचं तापमान जुळलं नाही तर मेणाच्या कण्या पडतात आणि सगळं पुन्हा तापवावं लागतं. थोडं निवल्यावर शेवटी गुलाबाचा वास.

या कृतीत पाचवा हिस्सा मेण आणि निम्म्याच्या आसपास तेल असतं, उरलेलं पाणी. क्रीम लावल्यावर पाणी उडून जातं, तेव्हा चेहऱ्याला गार वाटतं. मागे उरतो तो मेणाचा आणि तेलाचा थर. कोरड्या, फुटलेल्या त्वचेला हा थर हवाच असतो, कारण तो आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. तेलकट त्वचेवर मात्र हाच थर रात्रभर राहिला की खालचं तेल, मेलेल्या पेशी आणि वरचं मेण सगळं एकत्र साचतं. तुमच्या मैत्रिणीला भीती वाटते ती याची, आणि तिचं खरं आहे.

पण लावून काढायचं क्रीम ही या पदार्थाची जुनीच ओळख आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये असलेल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या नावावर ही कृती सांगतात: मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉन्ड्ससारख्या कंपन्या दोन डब्या जोडीने विकायच्या. रात्री चेहरा साफ करायला कोल्ड क्रीम, दिवसा लावून बाहेर पडायला व्हॅनिशिंग क्रीम. आपल्या आज्या ज्याला स्नो म्हणायच्या ते हेच दुसरं, पाणी जास्त आणि तेल कमी असलेलं. मुंबईत १९१९ साली निघालेला अफगाण स्नो त्याच घराण्यातला. पुढे आपल्याकडे कोल्ड क्रीम म्हणजे थंडीत थापायची मलई एवढंच डोक्यात बसलं आणि तिचा साफसफाईचा उपयोग मागे पडला. तेलकट चेहऱ्याच्या कामाचा तर तोच आहे.

सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक, रस्त्यावरची काजळी आणि दिवसभर साचलेलं आपलं स्वतःचं तेल हे सगळं नुसत्या पाण्याने निघत नाही. तेलात तेल विरघळतं. नाटकातली मंडळी प्रयोग संपल्यावर चेहऱ्याचा रंग खोबरेलाने काढतात तो याच नियमाने. साबणाने घासून घासून हेच काम केलं की गाल ओढतात. साध्या अंगाच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. तो तेलाबरोबर त्वचेच्या वरच्या थरातली ओल धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्यंही ओढून नेतो. म्हणून तेलकट चेहरासुद्धा कोरडा पडू शकतो. तेल नि ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा चेहरा एकाच वेळी चकाकतो आणि तडतडतो, तो याचमुळे.

करायचं असं. रात्री कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी मटारच्या दाण्याएवढं कोल्ड क्रीम घ्या. बोटांच्या पेरांनी मिनिटभर हलकेच फिरवा. नाकाच्या कडा, हनुवटीची खाच, कपाळावर केसांची रेघ असते ती जागा या ठिकाणी जरा थांबा. पुटकुळ्यांवर चोळू नका, नुसतं फिरवा. मग मऊ सुती कापड कोमट पाण्यात पिळून त्याने पुसून घ्या. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा उत्तम, टॉवेल खरखरीत लागतो. तो तुकडा रोज धुवायचा. यानंतर सौम्य फेसवॉशने एकदाच चेहरा धुवा म्हणजे मेणाचा उरलेला अंश निघून जाईल. तेलकट त्वचेने ही शेवटची पायरी चुकवायची नाही. ज्या दिवशी घराबाहेर पडला नाहीत, काही लावलंही नाही, त्या दिवशी नुसता फेसवॉश पुरे.

डबी घेताना मागची घटकांची यादी बघा. पाण्याच्या पाठोपाठ मिनरल ऑइल किंवा पॅराफिन आणि बीजवॅक्स (मधमाशीचं मेण) असेल तर ती जुन्या वळणाची, पुसून काढायला चांगली. मिनरल ऑइल हे नाव ऐकून दचकू नका. सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेलं मिनरल ऑइल छिद्रं बुजवतं ही समजूत तपासण्यांमध्ये टिकलेली नाही. उलट नैसर्गिक म्हणून विकली जाणारी काही तेलं तेलकट चेहऱ्याला त्याहून जास्त त्रास देतात.

आता तेलांकडे येते. इथे नैसर्गिक की कारखान्यातलं हा निकष कामाचाच नाही. तेलात कुठलं स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड) जास्त आहे ते बघायचं. दोन नावं लक्षात ठेवा, ओलेइक आणि लिनोलेइक. ज्यांना मुरुम येतात त्यांच्या त्वचेच्या तेलात लिनोलेइक आम्ल कमी असतं, असं १९८० च्या दशकापासून आढळत आलं आहे. ओलेइक मात्र त्वचेचा वरचा थर सैल करतं. ऑलिव्ह तेल आणि सूर्यफूल तेल माणसांच्या हातावर लावून तुलना केली गेली, त्यात ऑलिव्हने त्वचेचं कवच कमजोर झालं, सूर्यफुलाने ते शाबूत राहिलं. ऑलिव्ह, बदाम, शेंगदाणा ही सगळी ओलेइकच्या बाजूची तेलं. बदाम तेलात तर दोन तृतीयांशाच्या आसपास तेच असतं. (बाजारातली सुगंधी बदाम हेअर ऑइलं हा निराळाच प्रकार आहे. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य घटक हलकं लिक्विड पॅराफिन असतो आणि वर अत्तर. ती चेहऱ्याला अजिबात नको.)

लिनोलेइकमध्ये पहिला नंबर आपल्या करडईचा. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पिकणाऱ्या या साध्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. हजार रुपयांची छोटी बाटली घेऊन 'फेस ऑइल' शोधणाऱ्या मुलींना मी हेच सांगते, की घरात करडईचं तेल असेल तर आधी ते लावून बघा. सूर्यफुलाचंही चालतं. फक्त दोन्हींत हाय ओलेइक जाती निघाल्या आहेत, बाटलीवर तसं लिहिलं असेल तर ती सोडून द्या. आणि ही तेलं लवकर खवट होतात. लहान काचेच्या बाटलीत थोडंसं काढून अंधारात ठेवा. वास बदलला की चेहऱ्याला वापरणं बंद. लावायचं ते धुतल्यावर ओलसर गालांवर, दोन थेंब तळहातांवर पसरून नुसतं दाबून. कपाळ, नाक, हनुवटी सोडून द्यायची. आधी चार-सहा दिवस जबड्याच्या एका बाजूलाच लावून बघा, पुटकुळ्या यायच्या असतील तर तिथे येतील.

खोबरेलाबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण आपल्या घराघरांत ते देव्हाऱ्यापासून बाळाच्या टाळूपर्यंत सगळीकडे आहे, आणि केसांसाठी, कोरड्या हातापायांसाठी ते खरंच चांगलं आहे. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. सुटं लॉरिक आम्ल प्रयोगशाळेत मुरुमांचे जंतू मारतं, म्हणून खोबरेल मुरुमांवर औषध असं पसरवलं जातं. पण तेलात ते सुटं नसतं, बांधलेलं असतं, आणि अख्खं खोबरेल छिद्रं बुजवणाऱ्या तेलांच्या यादीत बरंच वर आहे. ती यादी मुख्यतः सशाच्या कानावरच्या जुन्या चाचण्यांतून आलेली, तेव्हा तिला वेदवाक्य मानू नये. तरी तुमच्यासारख्या चेहऱ्याला ते लावून ठेवू नका एवढं मी ठामपणे म्हणेन.

आणि कपाळावरच्या पुटकुळ्यांचं मूळ कदाचित डोक्यात असेल. रात्री चंपी करून झोपता का? केसांचं तेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं, अभ्र्यावरून गालावर येतं. केसांच्या रेघेलगत बारीक बारीक, एकसारखे पांढुरके दाणे असतील तर बहुधा हेच. तेल न्हायच्या आधी तासभर लावा, मग न्हाऊन टाका. अभ्रा बदलत चला. नुसत्या एवढ्याने कपाळ निवळलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

जोजोबा चांगलं, ते खरं तर तेल नसून द्रवरूप मेण आहे आणि आपल्या त्वचेच्या तेलातही मेणाचा अंश असतो, पण महाग. एरंडेल चिकट, चेहऱ्यावर राहतं. कडुलिंबाचं तेल तीव्र, सरळ लावू नका. टी ट्री ऑइल मुरुमांवर काम करतं: १९९० साली ऑस्ट्रेलियात ५ टक्के टी ट्रीचं जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण जळजळ कमी झाली. ५ टक्के हा आकडा महत्त्वाचा. बाटलीतून थेट लावलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते. लिंबाचा रस किंवा लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, काळे डाग पडतात.

'तेल लावलं की त्वचेला वाटतं पुरेसं तेल आहे, मग ती स्वतःचं बनवणं कमी करते' हे वाक्य तुम्ही व्हिडिओंत ऐकलं असेल. तसं होत नाही. तेलाच्या ग्रंथी संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) ऐकतात, मुख्यतः ॲन्ड्रोजन या संप्रेरकांचं. वरून काय लावलं याची त्यांना दखल नसते. तेल लावायचं ते त्वचेचं कवच नीट राहावं म्हणून, तेल कमी करायला नाही. तेलकटपणा कमी करायचा तर २ टक्के निॲसिनमाइड किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेलं हलकं जेल जास्त उपयोगी.

आपल्या अभ्यंगस्नानातली रीत मला म्हणूनच फार आवडते. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावतात आणि मग उटण्याने ते काढून टाकतात. नागरमोथा, कापूर काचरी, वाळा, डाळीचं पीठ हे सगळं त्वचेवरचं जादा तेल शोषून घेतं. कोल्ड क्रीम लावून पुसण्यात आणि यात तत्त्व एकच आहे. फक्त भरड उटणं मुरुमांवर घासू नका. मसुराचं किंवा हरभरा डाळीचं पीठ वस्त्रगाळ करून पातळ कालवा, वाळून कडक व्हायच्या आत धुवा. मुलतानी माती थंडीत नको, गाल आणखी ओढतील.

दिवसा गालांना ग्लिसरीन असलेलं पाण्यासारखं जेल मॉइश्चरायझर पुरेल. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा बराच उतरतो, हवा कोरडी असते. गाल फुटलेच तर तेवढ्याच जागी रात्री कोल्ड क्रीमचं बोट फिरवलंत तरी बिघडत नाही. मुंबईच्या दमट हवेत राहत असतात तर मी तेही सांगितलं नसतं.

आता नाकाच्या बाजूचे पापुद्रे. त्यांनी मला जरा थांबवलं. तिथे त्वचा लालसर असेल, पापुद्रे पिवळट, चिकट असतील, भुवयांतही तसंच होत असेल आणि डोक्यात कोंडा असेल, तर तो कोरडेपणा नाही. तो कोंड्याचाच प्रकार आहे, डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. त्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती आपल्या त्वचेतल्या तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसली जाते. खोबरेल, ऑलिव्ह, बदाम, अगदी मी वर कौतुक केलेलं करडईचं तेलसुद्धा तिला खाऊ घातल्यासारखं होतं. अशा वेळी कुठलंही तेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, केटोकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकाने हे आटोक्यात येतं. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तरीही डॉक्टरांकडेच जा. तिथे तेल-क्रीमचा विषय नाही.

मेडिकलमध्ये 'डाग आणि पिंपल जाणारी ट्यूब द्या' असं मात्र मागू नका. अशा कितीतरी ट्यूबांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइडं असतात. आठवड्याभरात चेहरा उजळतो, म्हणून लोक महिनोन् महिने लावत राहतात. मग त्वचा पातळ होते, ऊन सोसत नाही, आणि ट्यूब सोडली की आधीपेक्षा दुप्पट मुरुम उठतात. तुमच्याकडे आधीच एखादी ट्यूब असेल तर तिच्यावरची नावं आज वाचून बघा. यांपैकी एखादं असेल आणि ती बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका. ती ट्यूब सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा, म्हणजे ती कशी सोडायची ते तेच सांगतील.