एफटीआयआरला (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखायचं मशीन) एक स्पेक्ट्रम काढायला मिनिट लागतं, मग लेझरवाले फेमटोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) मोजतात कसे? आम्हाला प्रोजेक्टला उपयोग होईल का?

सातपूरला औषध कंपनीत क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे, त्याआधी पुण्यात एका लेझर लॅबमध्ये होतो. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

तुम्ही धरून चाललाय की डिटेक्टर तितका वेगवान असणार. तो नसतोच. द्रव नायट्रोजन ओतून थंड केलेला एमसीटी (इन्फ्रारेड टिपणारा) डिटेक्टरही या कामात लाखो पटींनी मंद आहे. आलेल्या पल्समध्ये (प्रकाशाच्या झटक्यात) ऊर्जा किती, एवढंच तो सांगतो. वेळ मोजतो तो आरसा! लेझरच्या एकाच पल्सपासून दोन इन्फ्रारेड पल्स तयार करतात. पहिली (पंप) रेणूला हलवते, दुसरी (प्रोब) मागून येऊन त्याची अवस्था तपासते. दुसरीच्या वाटेतला आरसा 15 मायक्रॉन मागे सरकवला की जाऊन-येऊन 30 मायक्रॉन वाट वाढते, म्हणजे ती 100 फेमटोसेकंद उशिरा पोचते. आरसा थोडाथोडा सरकवत हेच पुन्हा पुन्हा करायचं. टायटेनियम-सफायर लेझर बहुधा सेकंदाला 1000 पल्स देतो, नवे यटर्बियमवाले 1 लाखापर्यंत जातात. सरासरी झटपट निघते, नॉइज कमी होतो. ‘हाय-स्पीड’ म्हणतात ते यालाच.

आता यातून मिळतं काय? पावसाळ्यात केबीआरची पेलेट (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून दाबलेली चकती) केली की स्पेक्ट्रममध्ये 3400 सेमी⁻¹ च्या आसपास ओलाव्याचा रुंद फुगवटा येतो, आमच्याकडे त्यावरून रोज कुरकुर असते. साध्या पाण्याचाही तिथेच येतो. पाण्यातल्या ओ-एच (ऑक्सिजन-हायड्रोजन) बंधाचं एक कंपन जेमतेम 10 फेमटोसेकंदांचं. पण फुगवटा इतका रुंद का, हे एफटीआयआर सांगू शकत नाही: प्रत्येक रेणूचा शेजार वेगळा म्हणून, की शेजार सतत बदलतो म्हणून? लेझरने त्या फुगवट्याचा एक अरुंद पट्टाच उत्तेजित करायचा आणि तो किती वेळात पसरतो ते बघायचं. पाण्यातले हायड्रोजन बंध साधारण पिकोसेकंदात (1000 फेमटोसेकंदांत) जागा बदलतात, हे अशाच प्रयोगांतून पक्कं झालं. याच पंप-प्रोब पद्धतीने रासायनिक अभिक्रिया टिपल्याबद्दल अहमद झेवैल यांना 1999 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रोजेक्टचं म्हणाल तर गोळीतलं पॅरासिटामॉल ओळखायला यातलं काहीच लागत नाही, कॉलेजातलं मशीन भरपूर झालं. फक्त केबीआर ओव्हनमध्ये वाळवून घ्या, जून ते सप्टेंबर तर नक्कीच.