पाना-पक्कड: स्टार्टर गप्प, रिव्हर्स करकरतो, मिस्त्री म्हणतो ‘डायरेक्ट करू’

प्रश्न: माझा २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरसाठी घेतलेला, सहावं वर्ष चालू आहे. महिनाभर झाला, किल्ली फिरवली की कधी स्टार्टर उचलतो, कधी एकदम गप्प, टक सुद्धा वाजत नाही. क्लच दोन-चारदा जोरात हाणला की मग होतो चालू. त्यात रिव्हर्स टाकताना करकर करतो. बॅटरी नवी टाकली, फरक शून्य. मिस्त्री म्हणतो क्लचखालचा स्विच गेलाय, तो वगळून वायर डायरेक्ट करून देतो, पाच मिनिटांचं काम, गिअरबॉक्स मात्र खोलावा लागेल. करू का? (द्राक्षबागायतदार, ता. दिंडोरी)

उत्तर: नका करू, आणि गिअरबॉक्सला पण इतक्यात हात लावू देऊ नका. तुम्ही सहज लिहून गेलात ना, क्लच दोन-चारदा हाणला की चालू होतो, तीच सगळ्यात कामाची ओळ आहे. नवी बॅटरी घ्यायच्या आधी विचारलं असतं तर पैसे वाचले असते, असो.

किल्लीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरला करंट सोडणारा मोठा स्विच) एक बारीक वायर जाते आणि ती वाटेत दोन-तीन ठिकाणी अडवलेली असते, क्लचच्या पेडलला एक स्विच, पीटीओच्या (अवजाराला इंजिनची ताकद देणारा दांडा) लिव्हरला एक, काही मॉडेलला हाय-लोच्या, म्हणजे जलद-सावकाश वेगाच्या लिव्हरला न्यूट्रलचा एक. सगळे एकामागे एक जोडलेले, गणपतीतल्या जुन्या लायटिंगच्या माळेसारखे, एक बल्ब रुसला की अख्खी माळ बंद. क्लचचा स्विच पेडल जवळपास तळाला गेल्यावरच दाबला जातो. आता पेडल पूर्ण खाली जातच नसेल तर दोन गोष्टी होतात, स्विच दाबला जात नाही म्हणून स्टार्टर गप्प, आणि क्लच अर्धवट सुटतो, प्लेट फिरत राहते, म्हणून रिव्हर्स करकरतो. पुढचे गिअर त्यातल्या त्यात निभावून नेतात, रिव्हर्स लगेच चुगली करतो. एकच दुखणं आहे, मिस्त्रीने त्याची दोन बिलं केली.

तेव्हा आधी गुडघ्यावर बसा आणि पेडलच्या मागं टॉर्चचा उजेड मारा. ब्लोअरच्या ट्रॅक्टरला तिथं बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याची) निळी खपली, वाळलेला चिखल, पानं असं सगळं दगडासारखं बसलेलं असतं. एका ठिकाणी तर पाय घसरू नये म्हणून खताची रिकामी गोणी अंथरलेली होती आणि तिची घडी नेमकी पेडलखाली, तीन महिने तो माणूस स्टार्टर खोलून घेत होता!

साफ केल्यावर हाताने पेडल दाबून बघा, सुरुवातीला थोडं सैल जातं आणि मग जड लागतं. त्या सैल भागाला आपण प्ले म्हणतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरला तो २० ते ३० मिमीच्या आसपास असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, अगदीच नसेल तर प्लेट घसरते आणि जळते. पेडलपासून क्लचकडे जाणाऱ्या रॉडचा चेकनट सैल करून तो जुळवता येतो. पण त्याआधी पेडल आणि रॉडमधली पिन काढून बघा, सहा वर्षांत ती मधोमध खाल्लेली असते आणि भोक गोलाचं लांबट झालेलं असतं, मग कितीही नट फिरवा, आठ दिवसांत परत तेच. पिन किरकोळ किमतीत मिळते.

एवढं करूनही गप्पच राहिला तर मग स्विच तपासा. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड आणि इंजिन स्टॉपचा नॉब ओढून ठेवलेला, म्हणजे चुकून चालू होणार नाही. स्विचचा कप्लर (वायरींचा जोड) काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवून स्विचच्या दोन्ही पिनांना लावा, हाताने स्विचची दांडी दाबा, दाबल्यावर बीप आणि सोडल्यावर बंद, तर स्विच ठणठणीत. कप्लरच्या पिना हिरव्या पडल्यात का तेही बघा. मोरचूद मारणाऱ्या बागेत हे हमखास, आणि पिना घासून साफ केल्या की कित्येकदा काम होतं. खराबच निघाला तर तोच स्विच नवा टाका.

डायरेक्टला मी एवढा का घाबरतो ते सांगतो. आमच्याच घरी एक ट्रॅक्टर असा डायरेक्ट केलेला होता आणि आम्हाला सवयच लागली, खाली उभं राहून हात घालून किल्ली फिरवायची. एक दिवस तो लो पहिल्यात उभा होता, कुणाच्या ध्यानात नाही. किल्ली फिरवली, स्टार्टरनेच चाकं ढकलली, तेवढ्यात इंजिनने पकडलं आणि ट्रॅक्टर बिनमाणसाचा कांद्याच्या चाळीत घुसला. धाकटा भाऊ मागच्या चाकाच्या वीतभर बाहेर होता म्हणून वाचला. स्क्रू ड्रायव्हरने स्टार्टर शॉर्ट करणं हाही तोच प्रकार आहे, कारण तेव्हा माणूस बरोबर मागच्या चाकाच्या पुढं उभा असतो.

प्रश्न: मुलाकडे अमेरिकेला आलोय. त्याच्या छोट्या ट्रॅक्टरवरून गवत कापताना जरा सीटवरून उठलो की इंजिन बंद. मुलगा म्हणतो असंच असतं. खरं का? (निवृत्त शिक्षक, मूळ सातारा)

उत्तर: मुलगा बरोबर बोलतोय. सीटखाली स्विच असतो, पीटीओ चालू असताना किंवा गाडी न्यूट्रलला नसताना माणूस उठला की इंजिन मरतं, खाली पातं फिरत असतं ना. उतरायचं असेल तर पीटीओ बंद, न्यूट्रल, हँडब्रेक. बसल्या बसल्या खड्ड्यात पण बंद पडत असेल तर मात्र सीटची स्प्रिंग किंवा स्विच बघायला सांगा. वजनाने हलक्या माणसाला हा त्रास जास्त होतो. सीटखाली वीट ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

प्रश्न: पावसाळाभर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. आता इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू केलं की एक पण पडत नाही. (शेतकरी, ता. जुन्नर)

उत्तर: गिअरबॉक्स बरा आहे, दमट हवेने क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीय. जोर लावून गिअर ठोकू नका, दात जातील. न्यूट्रलला इंजिन अर्धा-पाऊण तास चालवून चांगलं गरम करा, मग बंद करून पेडल पूर्ण दाबून फळीने अडकवून रात्रभर ठेवा, कधीकधी तेवढ्यानेच सुटते. नाही सुटली तर गिअरमध्ये चालू करून ब्रेक मारून सोडवतात, पण ट्रॅक्टर पहिल्याच झटक्याला पळतो, त्यामुळे ते अनुभवी मिस्त्रीनेच मोकळ्या रानात करायचं, शेडमध्ये नाही. आणि गिअर ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदलल्याशिवाय रानात नेऊ नका. पुढच्या पावसाळ्यात उभा करताना पेडल दाबून अडकवून ठेवा, कित्येक ट्रॅक्टरला त्यासाठी हूक दिलेला असतो. आमच्याकडे हूक कधीच तुटला, जुन्या पाटाची एक फळी आहे, तिच्यावर पोरांनी खडूने ‘क्लच’ लिहून ठेवलंय म्हणजे आई चुलीत घालत नाही.