लेकराचा आजार ही माझ्या विश्वासाची शिक्षा आहे का?

प्रश्न : ताई, मी अंबड तालुक्यातली. दोन वर्षांपूर्वी अतिवृष्टीत कापूस गेला, डोक्यावर देणं झालं, मालक कामाला चाकणला गेले. जीव नकोसा झाला होता. शेजारच्या सिस्टरबाईंनी जालन्याच्या चर्चमध्ये नेलं. तिथं मी पोटभर रडले, आणि येशू माझा झाला. कापूस गेला नसता तर मी देवाकडे वळलेच नसते, असं वाटतं. पण दिवाळीपासून नऊ वर्षांच्या मुलाला फिट येतात. सासूबाई म्हणतात, घट बसवणं सोडलंस म्हणून देवीचा कोप झाला. प्रार्थनेतली एक बाई म्हणते, तू अजून बाप्तिस्मा घेतला नाहीस, घरात देवांचे टाक आहेत, म्हणून देव तुला शिस्त लावतोय. विश्वास असेल तर गोळ्या बंद करून दाखव. झोप लागत नाही. खरं काय?

उत्तर : बाई, गोळ्या बंद करू नका. एक वेळचीही चुकवू नका. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर एकामागून एक झटके येतात, त्यात जीवही जाऊ शकतो. घाटीतल्या, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलेला डोस डॉक्टरच कमी करतील. फिट आली की लेकराला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बघून थेट दवाखाना गाठा. आणि शेततळ्याकडे, विहिरीकडे त्याला एकटं सोडू नका.

आता तुमच्या मनाचं. सासूबाई आणि प्रार्थनेतली बाई एकमेकींच्या विरुद्ध बोलताहेत असं तुम्हाला वाटतं, पण दोघी एकच सांगताहेत : वर कुणीतरी रागावलंय, आणि आईचा राग लेकरावर निघतोय. असला देव तुम्हाला जालन्यात भेटला होता का? तुमचं पत्र तर तसं म्हणत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आहे. शिष्यांनी येशूला हेच विचारलं : पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूकच्या शुभवर्तमानातही शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याची गोष्ट निघते. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू स्पष्ट नाही म्हणाला, आणि मन फिरवायला सांगितलं ते समोर उभ्या असलेल्यांना. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी पडली. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. जड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. त्या हजारोंची पापं मोजायला कुणी बसलं, तर मी त्याला येशूचं हे उत्तर वाचून दाखवीन.

तरीही ताडनाची शिकवण पवित्र शास्त्रात आहे, ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या 12 व्या अध्यायात देव बापासारखी शिस्त लावतो असं लिहिलंय. पण ते लिहिलंय कुणाला? विश्वासापायी मालमत्ता लुटली गेलेल्या, थकलेल्या माणसांना, त्यांनी खचू नये म्हणून. तिथं बाप ज्याचं त्यालाच वळण लावतो. आईला धडा द्यायला लेकराला झटके देत नाही. आणि त्या वेळी ते दुःखाचंच वाटतं, फळ मागाहून दिसतं, हेही तिथंच आहे. म्हणून ‘देवानं मला यातून घडवलं’ हे ज्यानं सोसलं त्यानं, मागे वळून बघताना म्हणायचं असतं. तुम्ही कापसाबद्दल तसं म्हणालात, तो तुमचा अधिकार. मी मात्र असं म्हणणार नाही की तुम्हाला वळवायला देवानं अख्ख्या शिवाराचा कापूस बुडवला. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या दुःखाला ‘ही देवाची शिस्त’ म्हणायचा हक्क त्या बाईंना कुणी दिला?

पवित्र शास्त्रातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानं बसले, तोवर ते मित्र होते. मग तोंड उघडून त्याची पापं शोधू लागले, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. 1882 मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी आणल्या आणि केडगावला सांभाळल्या. स्वतःचं सोसणं त्यांनी असं वापरलं. मला यातच देवाचा हात दिसतो.

बाप्तिस्मा घ्या, पण मुलगा बरा व्हावा म्हणून नको. तो नवस झाला, आणि फिट पुन्हा आली की विश्वासही डळमळेल. तीन वेळा देवाला विनवूनही प्रेषित पौलाच्या शरीरात सलणारा काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. चर्चच्या पाळकांशी बोला, मालकांशी बोला, मन निवलं की ठरवा. टाक उचलून फेकू नका, ते सासूबाईंचे आहेत. घट त्यांना बसवायचा तर त्या बसवतील. नातवाच्या काळजीनं त्याही रात्र रात्र जाग्या असतील. गोळीची वेळ सांभाळायचं काम त्यांच्याकडे द्या, भांडणापेक्षा ते बरं. प्रार्थनेतल्या बाईंना मात्र सरळ सांगा : मावशी, हे पुन्हा बोलू नका, यायचंच तर घाटीच्या ओपीडीत माझ्यासोबत रांगेत बसा.

रात्री झोप उडाली की पवित्र शास्त्रातलं 13 वं स्तोत्र मोठ्यानं वाचा. ‘किती काळ’ असं देवालाच विचारत ते सुरू होतं. देवाशी तक्रार करायला विश्वासणाऱ्याला मुभा आहे, रडायलाही. झोपेचं पुढच्या तारखेला डॉक्टरांनाही सांगा. ती तारीख मालकांना आजच फोनवर कळवा, म्हणजे त्यांना कंपनीत आधीच रजा टाकता येईल.