कपातीच्या यादीत नाव कसं येतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लोट्याच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) ऑपरेटर आहे. परमनंट, ११ वर्षं ७ महिने झाले. बेसिक आणि डीए मिळून १८,२०० रुपये. आता ईटीपी कंत्राटदाराला देणार म्हणतात. साहेब विचारतात, तुमच्या विभागातून कंपनीला मिळतं काय? इतक्या वर्षांत प्रदूषणाची एकही नोटीस आली नाही, याला काहीच किंमत नाही का? काढलंच तर हातात किती येईल?
— एक वाचक, खेड

उत्तर : किंमत आहे, पण यादी ज्या तक्त्यावरून बनते त्यात ती दिसत नाही. मुख्यालयात यादी करणाऱ्यापुढे नाव, विभाग, वर्षाचा खर्च आणि रेटिंग एवढंच असतं. ईटीपी, मेंटेनन्स, सेफ्टी ही खाती कायम खर्चाच्या बाजूला पडतात. त्यांचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीला तक्त्यात रकानाच नसतो. हा दोष हिशेबाच्या रीतीचा आहे. तुम्ही तो स्वतःच्या माथी घेऊ नका.

तो रकाना तुम्हीच भरून द्या. एरेशन टँकचं (हवा सोडून पाणी शुद्ध करण्याच्या टाकीचं) पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन तुम्ही अर्धा तास ठेवता. गाळ २५०-३०० मिलीवर बसला की जीव भांड्यात पडतो. ६०० च्या वर रेंगाळला, तर तो क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायच्या टाकीच्या) काठावरून वाहून जाणार हे तुम्ही आधीच ओळखता. लॉगबुकात मात्र नुसता आकडा उरतो. त्यामागचं लिहा : अमुक तारखेला प्रॉडक्शनकडून जास्त सीओडीचं, म्हणजे जास्त दूषित पाणी एकदम आलं, ते इक्वलायझेशन टँकमध्ये (साठवण टाकीत) अडवलं, दोन दिवस थोडं थोडं सोडलं, बाहेर सोडलेलं पाणी मर्यादेत राहिलं. अशा पाच-सहा नोंदी एका पानात बसवा. प्लांट एक दिवस बंद राहिला तर किती माल बुडतो, तो आकडा प्रॉडक्शनकडून विचारून शेजारी मांडा. कंपनीची कागदपत्रं घरी नेऊ नका. आपल्या शब्दांत लिहून साहेब आणि एचआर दोघांना मेल करा, तेही लगेच. यादीवर सही झाल्यावर असलं पान कोणी उघडत नाही.

आता पैशांचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कामगार ३०० पेक्षा कमी असतील तर कपातीला सरकारची परवानगी लागत नाही, पण भरपाई चुकत नाही. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची १२ वर्षं. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, ९,१०० गुणिले १२ : १,०९,२०० रुपये. एक महिन्याची नोटीस किंवा तिचे १८,२००. ग्रॅच्युइटी वेगळी : १८,२०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे १,२६,०००. पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यावर यायला हवा. साधारणपणे त्या वर्गात शेवटी लागलेला आधी जातो. क्रम मोडला तर कंपनीला कारण लेखी नोंदवावं लागतं, ते मागा.

प्रश्न : रत्नागिरीत मासळी प्रक्रिया कारखान्यात कामाला आहे. मासेमारीबंदीत आम्हाला घरी बसवतात. अर्धा पगार मिळतो का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : कारखाना हंगामी ठरलेला असेल तर नाही. तसा नसेल, ५० किंवा जास्त कामगार असतील, मस्टरवर तुमचं नाव असेल आणि वर्षाची सलग सेवा झाली असेल, तर ले-ऑफमध्ये (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या काळात) बेसिक आणि डीएच्या निम्मे मिळतात. मात्र रोज एकदा गेटवर जाऊन हजेरी लावावी लागते. पुष्कळ बायकांचे पैसे नेमके इथेच बुडतात. नाव कंत्राटदाराच्या मस्टरवर असेल तर मागणी आधी त्याच्याकडे करा.

प्रश्न : नवरा कुडाळला घरून एका आयटी कंपनीचं काम करतो. रेटिंग खालचं लागलं. एचआर म्हणते, आजच राजीनामा द्या, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल.
— एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : आज काहीही देऊ नका. राजीनामा गेला की 'स्वतःहून सोडलं' अशी नोंद होते आणि कपातीच्या भरपाईचा हक्क हातचा जातो. 'तुमचं म्हणणं लेखी पाठवा, वाचून उत्तर देतो' एवढंच मेल करायला सांगा.

रेटिंगनं खचू नका. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी २०-७०-१० ची वाटणी (वरचे २०, मधले ७०, तळाचे १० टक्के) रुजवली आणि ती जगभर पसरली. दहाही जण चांगले असले तरी एकाला तळाला बसवावंच लागतं. मायक्रोसॉफ्टनं असली सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली.

पदाच्या नावात मॅनेजर असलं तरी कायदा प्रत्यक्ष काम पाहतो. हाताखाली कोणी नसेल, तो स्वतःच कोड लिहीत असेल, तर कामगार म्हणून दावा होऊ शकतो. तो आधी कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे जातो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. दावा बसत नसेल तर नेमणूकपत्रातला नोटीसचा काळ, शिल्लक रजेचे पैसे, मेडिक्लेमची मुदत आणि रिलीव्हिंग लेटर या चारांवर घासाघीस करा. जे ठरेल ते सही करण्याआधी मेलवर आणून घ्या, आणि ते मेल कंपनीच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतःच्या पत्त्यावर मागवा. लॅपटॉप बहुतेक त्याच दिवशी बंद करतात.